बोर्डांची भिशी

दार उघडंच होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात हेर्लेकर बाईंनी मागे न बघताच हात वर केला. गप्प राहा, असा. बाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांचा डावा कान एका स्पीकरच्या जाळीला टेकला होता. शेजारी दुसरा स्पीकर, झाकण नसलेले दोन ॲम्प्लिफायर, वायरींचं जंजाळ आणि एका ताटलीत गार झालेले पोहे.

"कुरणे, चपला काढून या. इथं कान लावा."

मी गुडघे टेकले, कान लावला.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"छान. आता ह्याला लावा."

दुसऱ्या स्पीकरला कान लावला. आत खोलवर, बंद खोलीत कुणी एकसुरी 'घूंऽऽ' म्हणत बसावं तसा आवाज. मोठा नव्हे. गाणं सुरू झालं की झाकला जाईल, पण दोन गाण्यांच्या मधे हमखास डोकं वर काढेल, असा.

"हमिंग," मी म्हणालो. एवढं मलाही कळायचं.

"हमिंग," बाई म्हणाल्या. पोह्यांचा एक घास तोंडात टाकून शांतपणे चावत राहिल्या. "पहिल्या लॉटचा बोर्ड गप्प आहे, दुसऱ्या लॉटचा घुमतोय. आणि रविवारी वाटप आहे."

ह्याला आता वीसेक वर्षं होतील. कोल्हापुरात तेव्हा आमची एक जमात होती, स्वतःच्या हाताने ॲम्प्लिफायर बांधून त्यावर गाणी ऐकणारी. दुकानात तयार डबा मिळत असताना वर्षभर खपून, दुप्पट खर्च करून, हात भाजून तसाच डबा घरी बनवायचा, ह्याला छंद म्हणतात. त्या डब्याचं काळीज म्हणजे हिरवा सर्किट बोर्ड. तांब्याच्या रेषा आखलेली हाताएवढी पाटी. तिच्या भोकांत सुटे भाग खोचायचे आणि मागून सोल्डरचे डाग द्यायचे. असा एखाददुसरा बोर्ड करून घ्यायला गेलं तर कारखानदार उभं करत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एकदम मागवायचे. आम्ही त्याला भिशी म्हणायचो. भिशीला चालवणारं एक माणूस लागतं आणि पैसे सांभाळणारं एक. मी सहकारी बँकेत कॅशियर, तेव्हा दुसरं काम कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

चालवायचं काम बाईंचं. कुमुद हेर्लेकर. टेलिफोन खात्यात सबंध नोकरी एक्स्चेंजमधे काढून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर, आणि पर्समधे कंगव्याच्या जागी स्क्रूड्रायव्हर. ह्याआधीच्या प्रत्येक भिशीला आम्ही कुठून तरी दुसऱ्याचं डिझाइन उचलून आणलं होतं. ह्या वेळी बाईंनी स्वतःचं मांडलं. ट्रान्झिस्टर कुठे बसेल, कुठली रेष कुठून वळेल, सगळं त्यांनी स्वतः आखलेलं.

त्या बैठकीत खराडेसाहेबांनी नकाशा हातात धरला, लांब नेला, जवळ आणला. जयसिंगराव खराडे म्हणजे उद्यमनगरातली ॲल्युमिनियमची फौंड्री आणि आमच्यातला सर्वांत पक्का हात. त्यांना पुष्कळ यायचं आणि येतंय हे सांगायलाही यायचं.

"काय ओ बाई," ते म्हणाले, "टेलिफोनवाल्यांनी जन्मभर 'हॅलो हॅलो' ऐकलं. गाणं ऐकायचा कान निराळा असतो."

सगळे हसले. बाईही हसल्या.

"बरं, ह्या वेळी तुमचं. पण पहिल्यांदा वाजवल्यावर जरा जरी कुरकुरला, तर पुढच्या भिशीला डिझाइन मी आणणार. तुम्ही आपलं चहाचं बघा."

पुन्हा हसले सगळे. माझी नोकरी काउंटरमागची. समोरच्या माणसाचं तोंड काय म्हणतंय त्यापेक्षा त्याचे हात काय करतायत, हे बघायची मला सवय. बाई हसत होत्या आणि नकाशाची घडी घालत होत्या. घडीचे काठ जुळले नाहीत म्हणून उलगडून पुन्हा घालत होत्या. काठ तर पहिल्याच घडीत जुळले होते.

त्याच बाई आता घुमणाऱ्या स्पीकरशेजारी बसून पोहे खात होत्या.

"कशानं झालं?" मी विचारलं.

"कपॅसिटर सरकवल्यानं."

मला सगळं आठवलं. पहिला लॉट कारखान्यात गेला आणि मग लोकांना जाग आली. 'माझेही दोन लिहा', 'मेहुण्यालाही हवेत'. दुसरा लॉट काढावा लागला. तेव्हा खराडेसाहेबांचा फोन आला होता. मी बाईंच्या समोरच बसलो होतो. साहेबांकडे कुठल्याशा मोडीत काढलेल्या यंत्रातले दंडगोलासारखे मोठे कपॅसिटर होते. 'दुसरा लॉट काढताच आहात, तर ती कपॅसिटरची जागा जरा बाजूला घ्या की. थोरले बसतील. सगळ्यांचाच फायदा.' आणि बाईंनी मोठ्या मनाने ती जागा बाजूला घेतली होती.

"जागा हलवली तशी खालची रेष वळवावी लागली," बाईंनी बोर्ड उलटा करून पेन्सिलीचं टोक टेकवलं. "घरात पिण्याच्या पाण्याची नळी असते आणि मोरीची असते. दोन्ही शेवटी जमिनीतच जातात, पण वाटेत एक करायच्या नसतात. मी इथं एक केल्या. गाण्याच्या वाटेत मोरीचं पाणी शिरलं."

"म्हणजे खराडेसाहेबांच्या हट्टापायी..."

"हट्ट त्यांचा. रेष माझी." विषय संपला.

"दुरुस्त होईल?"

"इथं पात्याने रेष तोडायची, आणि इथून इथं एक वायर टाकायची. हाताला सवय असेल तर चहा गार व्हायच्या आत होतं. नसेल तर बोर्ड फुकट जातो."

"नवा लॉट काढला तर?"

"पेन्शनीतून काढता येईल. मनात आलं होतं." त्यांनी पोह्यांची ताटली बाजूला सारली. "पण चूक लपवायला पैसे भरायचे आणि एवढा चांगला माल भंगारात घालायचा, हे काही पटेना."

मग मी माझं डोकं चालवलं. मला अजून वाटतं, सल्ला म्हणून तो वाईट नव्हता.

"बाई, बोर्ड नेतात सगळे. बांधतात किती? डॉक्टर गुण्यांचंच घ्या. प्रत्येक भिशीला पहिली नोंदणी त्यांची. आजवरचे सगळे बोर्ड त्यांच्या दवाखान्यात, कवळ्यांच्या साच्यांखालच्या खणात आहेत. सवडीने करू म्हणतात. अशी निम्मी मंडळी सवडीवाली. दुसऱ्या लॉटचे बोर्ड त्यांना द्यायचे. जन्मात घुमणार नाहीत. उरलेले नवशिक्यांना. ते बांधतील, घुमेल, पण त्यांना वाटेल आपलंच काहीतरी चुकलं. हमिंग आलं की माणूस स्वतःच्या वायरिंगवर संशय घेतो, बोर्डावर कोण घेतो? आणि पहिल्या लॉटचे सगळे खराडेसाहेबांसारख्या वस्तादांना. ते वाजवणार, शांत निघणार, वाहवा करणार. तुमचं नाव सहीसलामत."

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही बँकेत फुकट गेलात, कुरणे."

"थँक्यू."

"सांगा बघू नीट. वस्ताद कोण कोण? सवडीवाले कोण? नवशिके कोण?"

मी बोटांवर मोजत सांगत गेलो आणि त्या मान डोलावत गेल्या. नवशिक्यांत शेवटचं नाव इरफान बागवान ह्याचं होतं. त्याचा फळबाजारात गाळा होता. वर्षापूर्वी त्याने एक किट बांधलं होतं. ते घुमलं, आणि त्याने ते कपाटावर टाकून दिलं. ह्या भिशीत त्याने पैसे भरले ते 'हे शेवटचं, कुरणेसाहेब. नाही जमलं तर गपचीप तयार घेतो' असं सांगून.

"आणि तुम्ही कुणात?" बाईंनी मधेच विचारलं.

"मी हिशेबात," मी म्हणालो.

निघताना मला वाटलं, बाईंना पटलं.

रविवारी सकाळी आम्ही खराडेसाहेबांच्या फौंड्रीत जमलो. सुट्टी असल्याने भट्टी बंद. लाकडी साचे बनवतात त्या लांबलचक खोलीत सागाच्या भुशाचा वास, भिंतीला टांगलेले पंप-पंख्यांचे नमुने, मधोमध दोन लांब टेबलं. एका टोकाला साहेबांचे खांद्याइतके उंच स्पीकर सतरंजीवर उभे केलेले. परीक्षेची तयारी जय्यत होती आणि ती यजमानांनी हौसेने केली होती.

बाई आल्या. हातात दोन खोकी. एक पांढरं, एक तपकिरी. ती टेबलावर ठेवून त्यांनी आधी सगळ्यांचा चहा होऊ दिला. मग उभ्या राहिल्या.

"पांढऱ्या खोक्यातले बोर्ड बरोबर आहेत. तपकिरी खोक्यातले चुकलेत. घुमतात."

बशा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी हिशेबाची पिशवी छातीशी धरली.

बाईंनी दोन वाक्यांत चूक सांगितली, तीच मोरीची आणि नळाची. एक बोर्ड फिरवायला दिला. खराडेसाहेबांनी तो हातात घेतला, उजेडाला धरला आणि त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातल्या वरपक्षासारखं समाधान पसरलं.

"तरी मी म्हणत होतो."

"म्हणत होता," बाई म्हणाल्या.

"मग हे चुकलं कसं? पहिल्यात बरोबर आणि दुसऱ्यात चूक? पहिलं दूध नीट तापावं आणि दुसरं उतू जावं, तसं काय झालं?"

मी बोलायला पुढे झालो. 'साहेब, तो फोन...' एवढं ओठांवर आलंही होतं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एक्स्चेंजमधे चालू लाइन एका झटक्यात कशी तोडत असतील ते मला समजलं.

"कपॅसिटर मी सरकवला," त्या म्हणाल्या. "रेष वळवताना मी चुकले. माझ्या डिझाइनमधली चूक आहे."

खराडेसाहेबांची नजर बोर्डावरच्या त्या थोरल्या भोकांवर गेली. तिथंच जरा रेंगाळली. मग त्यांनी बोर्ड पुढच्याकडे सरकवला आणि घसा साफ केला.

"असो. आता वाटप कसं करायचं? नोंदणीच्या क्रमानंच की. पहिल्या नोंदीवाल्यांना पांढरं खोकं."

"नाही," बाई म्हणाल्या. "ज्यांनी कधी बांधला नाही, बऱ्याच वर्षांत बांधला नाही, किंवा बांधून जमला नाही, त्यांना पांढरं खोकं. तपकिरी वस्तादांना."

मी खुर्चीवर बसलो. माझीच वाटणी बाईंनी मोजा उलटा करावा तशी उलटी केली होती.

एकच गलका झाला. "म्हणजे पैसे पहिले आमचे आणि नासका आंबाही आम्हालाच व्हय?" खराडेसाहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"नासका नाही म्हणायचं साहेब," मागून इरफान बोलला. "डागी म्हणायचं. डागी आंबा जाणकार उचलतो. कापून खातो."

"तू गप रे."

"इरफानभाईंनी बरोबर सांगितलं," बाई म्हणाल्या. "हा कापून खायचा बोर्ड आहे. पात्याने एक रेष तोडायची आणि एक वायर टाकायची. ज्याला येतं त्यानं घ्यावा. साहेब, तुम्हाला जमण्यातला नसेल तर काही हरकत नाही, पांढऱ्यातला देते."

मी आयुष्यात बऱ्याच कर्जवसुल्या पाहिल्या. इतक्या गोड आवाजात झालेली एकही नाही.

"मला?" खराडेसाहेब म्हणाले. "मला जमणार नाही? इकडं आणा ते तपकिरी!"

आणि मग जे झालं ते बाईंच्याही अंदाजात नसावं. साहेबांनी तपकिरी उचलला म्हटल्यावर त्यांच्या खालचे सगळे वस्ताद उठले. वस्ताद उठले म्हटल्यावर, आपण वस्ताद असल्याचं ज्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं, तेही उठले. पांढऱ्या खोक्याकडे बघायला कुणी तयार होईना. चांगला बोर्ड घेणं म्हणजे पंगतीत लहान मुलांच्या पानावर बसणं झालं. डॉक्टर गुणेसुद्धा शर्टाचे कफ सावरत तपकिरी खोक्याशी आले आणि त्यांनी एक बोर्ड उचलला.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "तपकिरी घेणाऱ्याने दुरुस्ती इथंच करायची आहे हं. करून, मला दाखवून मगच घरी न्यायचा."

डॉक्टर थबकले. खणात ठेवायची वस्तू आणि हातात धरायची वस्तू ह्यांतला फरक त्यांच्या तोंडावर दिसला. पण चारचौघांत उचललेला बोर्ड परत ठेवायचा कसा?

"अहो, सवय गेली आहे हो," ते हळूच म्हणाले.

"दाढ काढायची नाहीये डॉक्टर. नुसती कीड काढायची. आजूबाजूला धक्का न लावता."

गुणे बसले. बाईंनी त्यांच्यापुढे पातं ठेवलं. त्यांनी ते बाजूला केलं, खिशातून आपली दातकोरणी अवजारांची पट्टी काढली. डॉक्टर ती रविवारीही का बाळगतात हे देव जाणे. त्यातलं एक बारीक आकडीचं उचललं आणि बोर्डावर वाकले. दोन-तीन हलक्या ओढी. तांब्याची केसाएवढी किनार उचलून आली आणि तुटली. शेजारच्या रेषेला ओरखडा नाही. समोर खराडेसाहेबांचं पातं तेवढ्यात दोनदा घसरलं होतं.

"बघू," साहेब म्हणाले. बोर्ड बघितला. आपला बोर्ड बघितला. मग कुणाकडे न बघता आपला बोर्ड डॉक्टरांच्या पुढे सरकवला. "एवढं तोडून द्या की. वायर मी टाकतो."

पाहता पाहता डॉक्टरांपुढे रांग लागली. ते रेषा तोडत होते, साहेब वायरी टाकत होते, बाकीचे सोल्डर ओढत, फुंकर मारत, एकमेकांचे डाग बघून नाकं मुरडत होते. खोलीभर सोल्डरमधल्या राळेचा धूर. इतक्या वर्षांच्या भिश्या मी सांभाळल्या, पण एवढी माणसं एका वेळी खरोखर काहीतरी बांधताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. एरवी वाटप म्हणजे बोर्ड पिशवीत, भजी तोंडात आणि 'सवडीने करू'.

इरफान मात्र भिंतीशी उभा होता. हातात पांढऱ्या खोक्यातला बोर्ड. त्याला कुणी रांगेत बोलावलं नव्हतं आणि त्याला रांगेत जायचंही नव्हतं. बाई त्याच्याजवळ गेल्या. मी तिथंच होतो.

"नाराज आहात?"

"नाही हो बाई. बरोबरच दिलाय. चांगला माल द्या नाहीतर खराब, माझ्या हातात आला की घुमणारच. मागं नाही का झालं? माझ्या हाताला गुणच नाही."

"मागच्या किटमधे हमिंग कुठून येत होतं, शोधलंत?"

"शोधायचं काय त्यात? माझ्याकडनंच की."

बाईंनी जवळचं स्टूल ओढलं. मग टेबलाचा आधार घेऊन स्टुलावर बसल्या.

"मी नोकरीला लागले तेव्हा खेड्यांच्या लाइनी आमच्या एक्स्चेंजच्या बोर्डावर यायच्या. माणसं ओरडायची फोनवर. काय ओरडायची! बाळंतपणाचा निरोप, मयताचा निरोप, घसा फाटेस्तोवर. लाइन आमची खराब असायची आणि घसा त्यांचा बसायचा. एक म्हातारे होते, राधानगरीकडचे. दर वेळी आधी माफी मागायचे, 'बाई, मला नीट बोलता येत नाही.' नीट बोलायचे ते. चांगलं खणखणीत. आमची तार गंजली होती. आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यांना सांगायचो, 'जरा मोठ्यानं बोला.'"

टेबलावरचं खरखरणं थांबलं होतं. खराडेसाहेबांच्या हातातली सोल्डरिंगची सळई नुसतीच धूर सोडत होती.

"हा बोर्ड घुमला," बाई इरफानला म्हणाल्या, "तर हाताला नावं ठेवायची नाहीत. मला फोन करायचा. मग आपण दोघं मिळून तार शोधायची."

माझी वाटणी उलटी का झाली ते मला तेव्हा कळलं. ज्याला दोष शोधता येतो, त्याला सदोष माल दिला तर तो दोष शोधतो. ज्याला येत नाही, तो स्वतःला दोष देतो. मला पहिल्याच दिवशी हे ठाऊक होतं. माझ्याच तोंडाने मी बाईंना सांगितलं होतं, फक्त त्याचा फायदा कसा करून घ्यायचा एवढंच मला सुचलं होतं.

इरफानचा पुढचा हिशेबही इथंच देऊन टाकतो. त्याने दिवाळीच्या आत तो ॲम्प्लिफायर बांधला. घुमला. त्याने बाईंना फोन केला, पण शोध लागल्यावर. 'बाई, तुमचा बोर्ड एकदम गप्प आहे. ट्रान्सफॉर्मर फार जवळ ठेवला होता मी. लांब केला, मिटलं.' पुढे त्याने गाळ्यातल्या हमालांना एक बांधून दिला. बाजारात सकाळी भाव पुकारायच्या आधी त्यावर भजनं लागायची.

आता त्या रविवारचं राहिलेलं.

दुपार कलली तशी परीक्षेची वेळ आली. खराडेसाहेबांनी आपल्याच दुरुस्त केलेल्या बोर्डांचा जोड घेतला, एकेका स्पीकरला एकेक, आधीच तयार करून ठेवलेल्या डब्यात बसवला, ते थोरले कपॅसिटर त्या थोरल्या भोकांत उभे केले. फिट्ट बसले. खोलीतली मंडळी हळूहळू स्पीकरांभोवती आली. डॉक्टर गुणे बोटं चोळत होते. इतकी वर्षं दात कोरताना त्यांना कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या दिवशी वाजवल्या गेल्या होत्या.

बाई सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. हात पदराआड. मला त्यांचे हात दिसत नव्हते, आणि म्हणूनच मला अंदाज आला.

साहेबांनी बटण दाबलं. बोर्डावरचा तांबडा दिवा लागला. गाणं लावलं नाही. गाण्याला कोण विचारतो, खरी परीक्षा गाण्याच्या आधी असते. ते सतरंजीवर गुडघ्यांवर बसले आणि त्या अवाढव्य स्पीकरला कान लावला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

साहेबांनी कान बदलला. मग दुसऱ्या स्पीकरकडे गुडघ्यांवरच सरकले. तिथं लावला. उठून बोर्डावरचा दिवा पाहिला. पुन्हा खाली बसले.

"काय म्हणतोय?" डॉक्टरांना राहवेना.

"काहीच म्हणत नाही," साहेब म्हणाले. आवाजात कुजबुज होती, देवळात बोलावं तशी. "ह्याच्या आत कुणी हायच नाही."

मग गाणं लागलं. कुठलं ते मला आठवत नाही. लोक डोळे मिटून ऐकत होते आणि मी लोकांना बघत होतो. तो माझा छंद. गाणं संपलं आणि दुसरं लागेपर्यंत मधे जी शांतता पडली, तिच्यात मात्र सगळ्यांनी डोळे उघडले आणि एकमेकांकडे पाहिलं. एवढी स्वच्छ शांतता आम्ही विकत किंवा फुकट कुठेच ऐकली नव्हती. बाईंचे हात पदराआडून बाहेर आले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

मंडळी पांगली. मी पिशवी आवरत होतो, बाई उरलेले बोर्ड खोक्यात भरत होत्या. खराडेसाहेब दारापर्यंत सगळ्यांना पोचवून परत आले. उगाच एक लाकडी साचा उचलून जागेवर ठेवला. दुसरा उचलला.

"बाई," ते साच्याकडे बघत म्हणाले, "कपॅसिटर सरकवा म्हणून मी सांगितलं होतं."

"हो."

"मघाशी सगळ्यांसमोर मी विचारत होतो, कसं चुकलं, कसं चुकलं. नाव का नाही घेतलं माझं? मी काय नाही म्हणणार होतो?"

"नाही म्हणाला नसतात." बाईंनी खोक्याचं झाकण बसवलं. "पण साहेब, चुकीत तुम्हाला भागीदार केलं असतं, तर डिझाइनमधेही करावं लागलं असतं. तेवढी मी उदार नाही."

साहेबांनी साचा खाली ठेवला. बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फौंड्रीचा पत्रा हादरेल असे हसले. हसता हसता त्यांनी ती दोन्ही खोकी उचलली आणि बाईंच्या पुढे चालत, त्यांच्या स्कूटरपर्यंत स्वतः नेऊन ठेवली.